रंग सगळ्यात शेवटी: एक खोली, आठ हजार रुपये आणि ओली भिंत

आजच्या भागात घर रंगवण्याबद्दल बोलायचंय. ऐकताना आकडे टिपून घ्यायला जमत नाही, म्हणून बोललेलंच इथे लिहून काढलंय. आकडे तेवढे नीट मांडलेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी रंगारी नाही. बीटेक केलंय, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. आमचं घर देवरुखला, रत्नागिरी जिल्ह्यात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि भिंती जांभ्या दगडाच्या, म्हणजे चिऱ्याच्या. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो. त्यामुळे 'कोणता रंग लावू?' हा प्रश्न आमच्याकडे पहिला नसतोच. पहिला प्रश्न असतो, 'पाणी कुठून येतंय?'

आजच्या भागाचं सार एवढंच आहे. स्वस्तात खोली नवी करायची असेल तर पैसे रंगावर वाचवू नका, तपासणीवर वेळ घालवा. रंग हा शेवटचा थर आहे. त्याच्या खाली जे चाललंय ते थांबलं नाही, तर महागातला महाग रंगही एका पावसात पोपडे धरतो.

खोली कोणती आणि घाई का होती

ताई बाळंतपणाला माहेरी येणार होती, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. तिच्यासाठी मागची खोली ठरली. बाबांनी १९९४ साली काढलेली, स्लॅबची, १० बाय १२ फुटांची. शांत आहे, न्हाणीघर जवळ आहे. पण तिची पश्चिमेची भिंत खालून ओली, कपाटामागे काळी बुरशी, आणि खिडकीचा जुना तेलरंग सुटायला लागलेला. तान्हं बाळ आणि बाळंतीण तिथे दोन-तीन महिने राहणार, तर हे चालणार नव्हतं.

बाबांनी आदल्या दसऱ्याला रंगारी बोलावून खोली रंगवून घेतली होती. पुढच्या पावसात सगळं उखडलं. यात रंगाऱ्याचा दोष नव्हता. दसरा-दिवाळीला रंग काढायची आपली पद्धत आहे, पण कोकणात तेव्हा भिंतीनं चार महिन्यांचं पाणी पोटात धरलेलं असतं. वरून कोरडी दिसते, आतून ओली असते. अशा भिंतीवर रंग लावला की आतलं पाणी बाहेर पडताना रंगालाच ढकलतं. आमच्या हवेत रंगकामाचे खरे महिने म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल.

या खेपेस रंगाऱ्याचा त्या एका खोलीचा अंदाज होता १८ हजार. त्यात ओल काढणं धरलेलंच नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, आधी पाणी शोधू, मग रंगाचं बघू." बाबा म्हणाले, "अगं, चिऱ्याची भिंत आहे, ती ओल धरणारच." आजी मात्र म्हणाली, "पूर्वी नव्हती धरत." मला पहिला धागा मिळाला तो इथे. खोली तीच, पाऊस तोच, मग मधल्या काळात बदललं काय?

ओल ओळखायची सोपी चाचणी

ओल दोन प्रकारची असू शकते, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. एक, भिंतीच्या आतून येणारी. दुसरी, खोलीतल्या दमट हवेची वाफ थंड भिंतीवर जमून होणारी. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात.

चाचणी अशी. साधारण एक फूट बाय एक फूट प्लास्टिकचा जाड तुकडा घ्या. डाग असलेल्या जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक-दोन दिवस तसाच ठेवा. मग बघा.

- प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील, तर ओल भिंतीतून येतेय.
- खोलीकडच्या बाजूला थेंब असतील, तर ती हवेतली वाफ आहे.

आम्ही दोन तुकडे लावले. पश्चिमेच्या भिंतीवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, आतल्या बाजूला थेंब आले. दक्षिणेकडे कपाटामागे लावलेल्या तुकड्यावर बाहेरच्या बाजूला. म्हणजे एकाच खोलीत दोन वेगवेगळे आजार. आमच्या कामात आम्ही हेच करतो, लक्षण सारखं दिसलं म्हणून कारण एकच असेल असं धरत नाही.

कपाटामागचा उपाय फुकट होता. कपाट भिंतीपासून सहा इंच पुढे ओढलं, म्हणजे मागे हवा खेळते. बुरशी साबणाच्या पाण्याने घासून काढली, मग पातळ केलेल्या ब्लीचने पुसली, खिडकी उघडी ठेवून. एक इशारा: ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

कुदळ आणि फावडं

पश्चिमेच्या भिंतीचं कारण बाहेर सापडलं. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, त्यामुळे दक्षिणेची आणि पश्चिमेची भिंत सगळ्यात जास्त झोडपली जाते. पूर्वी त्या बाजूला दर पावसाळ्यात झाप बांधायचे. ते बंद झालं. वर आईने तिथे फुलझाडं लावली, दर वर्षी थोडी माती पडत गेली. तीस वर्षांत बाहेरची जमीन जोत्याच्या वर आली होती. आणि गच्चीचं पाणी ज्या नळीतून पडतं, ती बरोबर त्याच मातीवर ओतत होती. म्हणजे भिंत चार महिने चिखलात पाय घालून उभी.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मी आणि चुलतभावाने कुदळ-फावडं घेतलं. माती जोत्याखाली नऊ इंच उतरवली, भिंतीपासून बाहेर उतार काढला. गच्चीच्या नळीला पीव्हीसी पाइप जोडून पाणी थेट गटारात सोडलं. खर्च ६५० रुपये. आईची जास्वंद चार फूट पुढे सरकली, त्यावर थोडी नाराजी झाली, पण ती जगली.

तुमच्या घरी कारण वेगळं असेल. फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा शेजारच्या किंवा वरच्या मजल्याच्या बाथरूमचा सांधा असतो, नाहीतर खिडकीच्या छज्जाची फट. पण क्रम हाच: आधी पाणी तोडा, मग भिंत सुकवा, मग रंग.

लोणा, गिलावा आणि थांबणं

ओल्या भिंतीवर पांढरी पूड येते ना, तो लोणा. पाण्याबरोबर वर आलेले क्षार. तो धुवायचा नाही. धुतला की क्षार विरघळून परत भिंतीत जातात. कोरड्या ताठ ब्रशने झाडायचा आणि पूड उचलून टाकायची.

जिथे गिलावा पोकळ वाजत होता तिथला काढून टाकला. डाग दिसतो त्याच्या पुढे फूटभर जास्त काढायचा, कारण क्षार डागाच्या बाहेरही पसरलेले असतात. आमचा पॅच पश्चिमेच्या भिंतीवर पाच फूट लांब होता आणि कोपऱ्यातून उत्तरेच्या भिंतीवर दोन फूट वळला होता. चिरा उघडा टाकून पंखा लावून तीन आठवडे सुकू दिला. मग गवंडीकाका एक दिवस आले. त्यांना निव्वळ सिमेंट नको म्हणून सांगितलं. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. चुना असला की गिलावा श्वास घेतो, आतली उरलीसुरली ओल बाहेर पडू शकते.

बऱ्याच घरांत ओल झाकायला खालच्या तीन फुटांवर तेलरंगाचा पट्टा मारतात. त्याने ओल जात नाही. तिला बाहेर पडायची वाट बंद होते, म्हणून ती तीन फुटांच्या वर चढते.

नव्या गिलाव्यावर इमल्शन लावायचं तर किमान २८ दिवस थांबा. कच्च्या गिलाव्यातला अल्क रंगाला खातो. हे चार आठवडे फुकट आहेत, पण बहुतेक लोक नेमके तेच वाचवतात.

खिडकीचा जुना रंग: इथे मात्र जपून

आता या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि अंमल सुरू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या दारं-खिडक्यांवर, ग्रिलवर, जुन्या पाळण्यावर शिसं असण्याची शक्यता धरूनच चालायचं. नुसतं बघून ते कळत नाही.

शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. गरोदरपणात ते आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित आहे असं माहीत नाही. म्हणून ताईला फोनवर स्पष्ट सांगितलं, "काम संपून खोली पुसून होईपर्यंत तू यायचं नाहीस." तिला मध्ये होळीला येऊन जायचं होतं. चिडली. पण आली नाही.

मग करायचं काय?

- जुना रंग घट्ट बसलेला असेल तर काढूच नका. साबणाच्या पाण्याने धुवा, वॉटर पेपरने पाणी लावत लावत हलकेच खरवडा, आणि वरून नवा रंग द्या. जुना थर खाली बंदिस्त राहतो.
- सुटलेले पोपडे असतील तर पाणी फवारून, ओले करूनच पत्र्याने काढा.
- कोरडं घासणं नाही, मशीन नाही, ज्योतीने जाळणं तर अजिबात नाही. धूळ आणि धूर हाच खरा धोका.
- खाली प्लास्टिक अंथरा. नाकाला एन-९५ मास्क लावा, ओढणी किंवा रुमाल पुरत नाही.
- नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा. अंगावरचे कपडे वेगळे धुवा.
- पोपडे पिशवीत घट्ट बांधून टाका. परसात पुरू नका, चुलीत घालू नका.

गरोदर बाई आणि लहान मुलं या वेळी घरात नसलेलीच बरी. नवा इनॅमल घेताना डब्यावर शिशाबद्दलची सूचना वाचून घ्या.

रंग किती लागेल: पाच मिनिटांचं गणित

दुकानदाराला 'एक खोली आहे' असं सांगितलं की तो अंदाजाने जास्त देतो. आपण मोजून जायचं.

खोली १० बाय १२, उंची १० फूट. चार भिंतींची मिळून लांबी ४४ फूट, म्हणजे ४४० चौरस फूट. पश्चिमेची १२ फुटी भिंत आम्ही चुन्याची ठेवायची ठरवली, तिचे १२० गेले, राहिले ३२०. दार ३ बाय ७, म्हणजे २१. खिडकी ४ बाय ४, म्हणजे १६. उरले २८३ चौरस फूट.

डब्यामागे एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतं ते लिहिलेलं असतं. तो आकडा एका हाताचा आहे की दोन हातांचा, हे नीट वाचा. आमच्या डब्यावर दोन हातांना साधारण १०० होता. म्हणजे २.८ लिटर. एकेक लिटरचे तीन डबे घेण्यापेक्षा चार लिटरचा एक परवडला. उरलेला रंग हवाबंद करून ठेवला, पुढे डागडुजीला तोच उपयोगी पडतो. एकाच रंगाचे दोन डबे घेतलेत तर आधी एका बादलीत एकत्र करून घ्या, नाहीतर भिंतीच्या मध्येच छटा बदलते.

रंगाची छटा कार्डावर बघून ठरवू नका. पुठ्ठ्यावर लावून भिंतीला टेकवा, सकाळी बघा आणि रात्री ट्यूबलाइटखाली बघा. आम्हाला आवडलेला फिका पिवळा रात्री हिरवट दिसत होता. तो रद्द झाला.

कामाचा क्रम

वरून खाली. आधी छत, मग भिंती, शेवटी दारं-खिडक्या.

१. भिंतीवर तळहात फिरवा. पांढरी पूड लागली तर जुना चुना किंवा डिस्टेंपर सुटतोय. तो खरवडल्याशिवाय इमल्शन धरत नाही.

२. भेगा आणि खड्डे पुट्टीने, म्हणजे रंगारी ज्याला लांबी म्हणतात तिने भरा. सगळ्या भिंतीला पुट्टी लावायची गरज नाही. पाच किलोची पिशवी आम्हाला पुरून उरली. सुकल्यावर पॉलिश पेपरने घासा. ही धूळही नाकात जाऊ देऊ नका.

३. प्राइमरचा एक हात. हा टाळला तर भिंत रंग पिते, आणि वाचवलेले पैसे रंगातच जातात.

४. आधी ब्रशने कडा आणि कोपरे, मग लगेच रोलर. एक भिंत सुरू केली की मध्ये जेवायला उठायचं नाही. अर्धवट सुकलेल्या कडेवर परत रोलर फिरवला की पट्टा उठतो.

५. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला. दोन हातांमध्ये चार-सहा तास द्या.

६. मास्किंग टेप शेवटचा हात पूर्ण सुकायच्या आत काढा.

७. स्विचबोर्डच्या पट्ट्या काढायच्या असतील तर मेन बंद करूनच.

पश्चिमेच्या भिंतीला चुना. विझवलेल्या चुन्याची पावडर आदल्या रात्री भिजवली, फडक्याने गाळली, दुधाइतकी पातळ केली. भिंत आधी पाण्याने ओलसर करायची आणि तीन पातळ हात द्यायचे. ओला चुना काहीच न लावल्यासारखा दिसतो, सुकल्यावर पांढरा होतो, म्हणून घाबरून जाड थर लावू नका. चष्मा आणि हातमोजे हवेतच. चुना डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि डॉक्टरांकडे जा. आजी बाजूला खुर्ची टाकून बसली होती. हाताचा दाब कसा ठेवायचा, ते तिनेच दाखवलं.

हिशोब

- गवंड्याची मजुरी, सिमेंट, वाळू: २,१०० रुपये
- गच्चीच्या पाण्याचा पाइप: ६५०
- प्राइमर, ४ लिटर: ७८०
- पुट्टी, ५ किलो: २४०
- इमल्शन, ४ लिटर: १,२५०
- छताला पांढरं डिस्टेंपर, ५ किलो: ४५०
- चुना: १५०
- खिडकी-दाराला इनॅमल, १ लिटर: ३४०
- ब्रश, रोलर, पत्रा, पेपर, टेप: ७८०
- मास्क, हातमोजे, चष्मा: ३६०

एकूण ७,१००. त्याशिवाय खिडकीला डासांची जाळी ६००, एलईडी ट्यूब २५० आणि पडद्याचा दांडा ३००. पडदे आईच्या दोन सुती साड्यांचे. सगळं मिळून ८,२५० रुपये. आमची मेहनत यात धरलेली नाही. पुणे-देवरुख करत पाच शनिवार-रविवार गेले.

इनॅमलचा हात मार्चअखेरीला मुद्दाम आधी संपवला, म्हणजे ताई येईपर्यंत जवळजवळ चार आठवडे खिडक्या उघड्या राहून वास गेला.

कुठे स्वतः करायचं नाही

स्लॅबचं सिमेंट गळून लोखंड दिसत असेल, भिंतीला बोट जाईल एवढी तडा असेल, बाहेरून उंच शिडीचं काम असेल किंवा वायरिंग ओलं झालं असेल, तर जाणकार माणूस बोलवा. तिथे वाचवलेले दोन-चार हजार परवडत नाहीत.

पावसानंतर

बोलणं सोपं असतं, म्हणून निकालही सांगते. हा भाग नोव्हेंबरात रेकॉर्ड करतेय, म्हणजे एक अख्खा पावसाळा होऊन गेलाय. तिन्ही भिंतींचा रंग जागेवर आहे. कपाटामागे बुरशी नाही. पश्चिमेच्या भिंतीवर कोपऱ्यात तळहाताएवढा लोणा परत आला. बाबांनी ब्रशने झाडला आणि उरलेल्या चुन्याचा एक हात मारला. तेवढ्या जागी इमल्शन असतं तर अख्खी पट्टी खरवडावी लागली असती. बाबा आता दर पावसाआधी बाहेरची माती जोत्याच्या वर आलीय का ते बघणार आहेत. ते त्यांनीच स्वतःहून सांगितलं.

तर, तुमच्याकडे रंग काढायचा विचार चालू असेल तर या आठवड्यात फक्त एक करा. डाग असलेल्या भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा लावा आणि दोन दिवसांनी बघा, थेंब कुठल्या बाजूला आलेत. मला कळवा. पुढच्या भागात तुमच्याच भिंतींबद्दल बोलू. भेटू.